एका नावावर दोघं

"सर, दोघं एकाच नावानं आलेत," आरोही म्हणाली. सिद्धेश्वरच्या धरणाच्या भिंतीवर वारा सुटला होता आणि नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून तो असा जात होता, की डोकं दुसऱ्या कुणाचं असावं आणि आपल्याला फक्त ते सांभाळायला दिलेलं असावं. तांड्यात रेंज नव्हती. भिंतीवर चढून, पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं तर फोनवर दोन काड्या यायच्या. तो दीपाला, बायकोला, फोन लावायला चढला होता. काड्या आल्या आणि त्याच वेळी फोनच वाजला. "देविदास सर? ऐकू येतंय ना?" ऐकू येत होतं. ते नाव कानात शिरलं आणि आत कुठं टेकलंच नाही, विहिरीत टाकलेल्या खड्याचा आवाज यावा म्हणून माणूस वाकून राहतो आणि आवाज येत नाही, तसं. "बोल," तो म्हणाला. ती पुण्याहून बोलत होती, त्या गार खोलीच्या बाहेरच्या बोळातून. तिच्या आवाजामागं यंत्राची अखंड घरघर होती, ती त्याला तिच्या शब्दांपेक्षा ओळखीची वाटली.

त्या खोलीत मेनफ्रेम, कंपनीचा अवाढव्य संगणक, उभा होता. काळा, माणसाहून उंच, गोदामाच्या दारासारखा रुंद. परदेशातल्या एका मालवाहतूक कंपनीचं सगळं काम त्याच्यावर चालायचं. त्याच्या पोटात कितीतरी सर्व्हर नांदत होते, सगळे मानलेले. प्रत्येकाला वाटायचं आपलं यंत्र वेगळं आणि त्यात आपण एकटेच. डिस्क मात्र त्यांच्यातल्या कुणाच्याच जवळ नव्हती. ती पलीकडच्या इमारतीत, नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या पेटीत होती. सर्व्हर जागा झाला की तारेवरून आपलं नाव सांगायचा आणि पेटी त्या नावाची डिस्क त्याच्या हवाली करायची. पेटीला चेहरा दिसत नाही, आवाज कळत नाही; नाव बरोबर तर सगळं बरोबर. ही मांडणी त्यानंच बसवलेली. नव्या पोरांना शिकवताना तो फळ्यापाशी उभा राहून म्हणायचा, डिस्क सर्व्हरची नसते रे, नावाची असते. पोरं हसायची. आरोही पहिल्या बाकावर बसून ते उतरून घ्यायची.

"टेस्टिंगसाठी चालू सर्व्हरची कॉपी केली सर. हुबेहूब. आतलं नाव बदलायचं राहिलं. कॉपी उठली, तिनं तेच नाव सांगितलं, पेटीनं तीच डिस्क दिली. आता दोघं तिच्यावर लिहितायत."

"कधीपासून?"

"जेवणाच्या आधीपासून. सर, मला वाटलं पेटी नाही म्हणेल."

पेटी काहून नाही म्हणेल, हे त्याच्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. पुण्यात तो काहून म्हणत नसे. पेटीच्या लेखी एकच सर्व्हर होता, तो दोन तोंडांनी बोलत होता एवढंच. आणि त्या दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती. एकाला जिथं मोकळी जागा दिसते तिथं दुसऱ्यानं आताच काही लिहिलेलं असतं. तो भाबडेपणानं त्याच्यावर लिहितो. भांडण नाही, वैर नाही. दोघंही नीट, इमानानं, स्वतःचं समजून आपापलं काम करत राहतात आणि डिस्कवर हळूहळू काहीच कुणाचं उरत नाही. "मी दोन मिनिटांत सांगतो, धरून ठेव," तो म्हणाला. दोन मिनिटांत काय करायचं होतं ते त्याला ठाऊक होतं; सगळं त्याच्या बोटांना पाठ होतं. तरी तो पाण्याकडे बघत राहिला. पाण्यावर कोळ्यांची एक थर्माकोलची होडी थांबलेली होती, तिच्यातला माणूस झोपलेला की वाकलेला, कळत नव्हतं. आपल्याला काही होत का नाही, याचं त्याला थोडं नवल वाटलं, आणि मग तेही वाटायचं थांबलं.

निवासी शाळेत नाव घातलं होतं ते थोरल्या भावाचं. देविदास पुनमचंद आडे. थोरला तिथं महिनाभर टिकला. डाळीत अळ्या निघतात म्हणून एका रात्री कुंपणावरून उडी टाकून, पायी, रानातून तांड्यात आला तो पुन्हा गेलाच नाही. मग तपासणी आली. हेडमास्तर सायकलवर तांड्यात आले, बापाला म्हणाले, पुनमचंद, पटावर नाव आहे, पोरगं नाही. मला एक पोरगं दे, नावाचं मी बघतो. बाप बाजेवर बसला होता. त्यानं इकडं तिकडं बघितलं. तो, धाकटा प्रेमदास, शेळीच्या पिल्लाच्या तोंडाला बोट लावून बसला होता, ते पिल्लू ते बोट दूध समजून चोखत होतं. "हे घिऊन जा," बाप म्हणाला. एवढंच झालं होतं. सायकलच्या नळीवर बसवून नेताना हेडमास्तरांनी त्याच्याकडून वाटभर ते नाव म्हणवून घेतलं होतं, पाढ्यासारखं, आणि सायकल उतारावर सुटली तेव्हा त्याला त्या नावाची मजा वाटली होती. रडू आलं नव्हतं. तेव्हाही आलं नव्हतं. वसतिगृहात हजेरीला 'देविदास आडे' ऐकू आलं की पहिले काही दिवस तो दाराकडे बघायचा, भाऊ आला की काय म्हणून. मग बघायचा थांबला. मग नांदेड, मग पुणे. प्रमाणपत्रं, पगार, पासपोर्ट, लग्नाची पत्रिका. सुट्टीत तांड्यात आला की शिवेवरच्या पळसापाशी त्याचं नाव बदलायचं. "आला गा प्रेम्या!" भाऊ आंब्याच्या झाडावरून ओरडायचा. "माझं नाव आणलं का संगट? नीट वापरून राहिला ना? फाडू नको, मला लगीन करायचंय त्याच्यावर." आणि केलं त्यानं लग्न, त्याच नावावर. मतदानही केलं. कॅनॉलच्या खालचं रान बापानं मरायच्या आधी त्याच नावावर करून दिलं आणि सगळ्या तांड्यादेखत म्हणाला, धाकट्याला नाव दिलं, थोरल्याला माती दिली, माझी वाटनी झाली. कुणाच्याच ध्यानात आलं नाही की मातीसुद्धा नावावरच चढते. तेव्हा सगळ्यांनी गुळाचा चहा घेतला होता. भाऊ त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "तू तिकडं साहेब हो, मी हिकडं ढेकळं फोडतो, नाव एकच मोठं व्हईल." त्याच्या हाताला कांद्याचा वास येत होता. आता तो वास आठवत होता. हाताचं वजन आठवत नव्हतं. कावीळ झाली तेव्हा भावानं गळ्यात कसलीशी माळ घातली, डोळे हळदीसारखे झाले तरी रानात जात राहिला, आणि एका दुपारी बाजेवर टेकला तो टेकलाच. दवाखान्याचं दार त्यानं बघितलं नाही, म्हणून कुणी त्याचं नाव कुठं लिहूनही घेतलं नव्हतं. ते लिहायचं काम राहिलं होतं.

भाऊ गेल्याचं कळून तो पुण्याहून आला, जीपमधून उतरला, तेव्हा याडी, त्याची आई रुक्माबाई, त्याच्या गळ्यात पडली. तांड्यातल्या बाया अशाच भेटतात, सुखाच्या भेटीलासुद्धा. एकमेकींच्या मानेत हात गुंफून, गाऊन रडतात, आणि रडता रडता गेल्या भेटीपासूनचं सगळं सांगून टाकतात. तिच्या हातातली बांगड्यांची चळत त्याच्या मानेला गार लागली. ती गोरमाटी बोलीत गात होती. कुठल्या वाटेनं गेलास देविदासा, वाट तरी पुसायची होती. तांब्या भरलेला राहिला देविदासा, ओठ तरी भिजवायचा होता. प्रत्येक ओळीला नाव येत होतं आणि प्रत्येक नावाला भिकाबाई, चांगुणा, साऱ्या जणी हुंकार देत होत्या. तो मधोमध उभा होता. पुण्यात सकाळी लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, फोनवर ज्या नावाला तो 'हां बोला' म्हणायचा, ते नाव इथं बाया सुरात रडत होत्या, आणि त्याला भीती वाटली की सवयीनं आपण 'हां' म्हणून बसू. त्यानं ओठ घट्ट मिटले. बायांना वाटलं तो हुंदका दाबतोय. चांगुणा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडून घे रं लेकरा, दगड होऊ नको." तो दगड झाला नव्हता. दगडाला ऊन तरी लागतं.

आज सकाळी लिंबाखाली मोहनसिंग नाईक बसला होता. तांड्याचा नाईक, वयानं वाकलेला, पण पागोट्याचा पीळ अजून कडक. ग्रामसेवक दुपारी येणार होता, मयताची नोंद करायला. नवा होता, बदलून आलेला, तांड्यातलं कुणीच त्याच्या ओळखीचं नव्हतं. "म्हून सांगतो," नाईक म्हणाला, "आजच सुधरून घ्या. रेशन कारडावर दोनी पोरायची नावं हायेत. प्रेमदास हे नाव कुठं चालतंय? ना शाळंत, ना बँकेत, ना रानावर. ते रिकामंच पडलंय. मयत प्रेमदास लिवून टाका. जित्या माणसाला तकलीफ न्हाई, मेल्याला काय फरक?"

"आन रान?" कुणीतरी मागून विचारलं.

"रान देविदासच्या नावावर हाय, देविदास हा बसलाय समोर. घरातलं घरातच हाय की. हा काय नांगर घिऊन येतोय पुन्याहून?" लोक हसले. तोही हसला असावा. गालाला ताण जाणवला. नाईक त्याच्याकडे वळला. "आन उलटं केलं तर आईक. उद्या कुनी जळणारा अर्ज टाकील, मेलेला मानूस पुन्यात पगार उचलून राहिला म्हून. मंग? नोकरी जाईल, डिगरी जाईल, जेलात बसशील ते येगळंच. बापानं येवढं केलं ते काहून केलं?"

"माझं एक गेलं," याडी म्हणाली, जमिनीवर बोटानं रेघा ओढत. "दुसरं कागदावर मारू नका माय."

जीवनबाई, भावाची बायको, चुलीपाशी पाठमोरी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती बोललीही नसती. तिच्या हातातली भाकरी थापायची थांबली नव्हती. लोक उठल्यावर तिनं त्याला ताट वाढलं आणि पदर पुढं ओढून, ताटाकडे बघत दिराला म्हणाली, "भिया, तुमी चांगले हायेत. तुमी रान नेनार न्हाई, मला ठाव हाय." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "पन तुमाला लेकरं व्हतील. ती कशाला चांगली आसतील?" मग थोड्या वेळानं, मीठ वाढता वाढता: "नीताला शाळंत बापाचं नाव इचारतील. ती त्यांचंच नाव सांगनार. ते तर पुन्यात जित्तं हाय म्हनतील. मंग ती कोनाची?" नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. तांड्यात बाई घेत नाही. तो जिवंत असताना 'नीताचा बा' म्हणायची, आता तेवढंही म्हणत नव्हती, नुसतं 'त्यांचं'. त्यानं घास तोंडात घातला. भाकरी तोंडात फिरत राहिली, चव नव्हती, गरम होती एवढंच. भूक आहे की नाही हेही त्याला कळत नव्हतं. समोर ताट होतं म्हणून तो जेवत होता, जसा कुणी हाक मारली म्हणून वळतो.

"सर, अजून आहात ना?" फोनमधून आरोही म्हणाली. आवाज पातळ झाला होता. "शिफ्टवरचा हरीश म्हणतोय दोन्ही नीट शटडाउन करू या."

"नीट नको." त्याचाच आवाज होता, स्वच्छ, फळ्यापाशी असतो तसा. "नीट बंद केलं की जाता जाता ते मनात धरलेलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतात. उरलंसुरलंही जाईल. तोडून टाक. एकदम."

"कुठला? स्क्रीनवर दोघांचं नाव एकच आहे. खरा कुठला?"

"त्यांना विचारू नकोस. दोघंही हेच नाव सांगतील, दोघंही खरंच सांगतील." होडीतला माणूस हलला, उठून बसला, त्यानं जाळं ओढायला घेतलं. "मेनफ्रेमला विचार. आतलं नाव सारखं असलं तरी त्यानं जागा देताना दोघांना आपली वेगवेगळी नावं ठेवलेली असतात. त्यावरून कळेल कोण आधीपासून बसलंय आणि कोण नंतर उठलंय. नंतरचा तोड."

कीबोर्डचा आवाज आला. मग तिचा श्वास. "तोडला."

"आता पहिलाही थांबव. डिस्क पहाटेच्या बॅकअपवरून परत आण."

"मधलं सगळं?"

"मधलं गेलं."

तिनं आणखी काही टाइप केलं. मग लहान आवाजात म्हणाली, "सर, मला काढतील का?"

"माझं नाव सांग," तो म्हणाला, आणि ते वाक्य ऐकून त्यालाच क्षणभर कळलं नाही आपण काय म्हणालो. "म्हणजे, मांडणी माझी आहे. एका नावानं दुसरा आला तर पेटीनं दार लावायला पाहिजे होतं. ते मी केलं नाही. तसं लिही." ती रडायला लागली होती, शहरातल्या मुली रडतात तसं, नाक ओढून, आवाज चोरून. तिला कुणीतरी गळ्यात हात घालून सुरात रडायला शिकवायला हवं होतं असं त्याला वाटलं. "देविदास सर, घरी... तुमच्या भावाचं ऐकलं. सॉरी. नाव काय होतं त्यांचं?" पाण्यावरून वारा आला. काड्या दोनच्या एक झाल्या. "तुटतंय," तो म्हणाला आणि फोन खाली घेतला. अजून तुटलं नव्हतं.

भिंतीवरून उतरताना पायांना दगड लागत होते आणि लागत नव्हते. बापाचं जुनं धोतर पोटऱ्यांत फडफडत होतं. सुतकात जीन्स नको म्हणून याडीनं पेटीतून काढून दिलं होतं. घाबरतो आहोत का, हे त्यानं स्वतःला चाचपून बघितलं, झोपून आखडलेल्या हाताला दुसऱ्या हातानं चिमटा घ्यावा तसं. हात आहे, कातडी आहे, चिमटा आहे. पोचत काही नाही. पुण्यातलं घर आठवलं, दारावरची पाटी, दीपानं हौसेनं करून घेतलेली. दीपाला सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं होतं, मग मी कुठलं नाव घ्यायचं नाही? दोन्ही नको घेऊस, भाऊ मागून ओरडला होता, तुला डबल पुण्य लागंल. कॅनॉलपलीकडे ते रान दिसत होतं. भावानं पेरलेली हळद हिरवी उभी होती, तिला कुणाचंच नाव ठाऊक नव्हतं. धावत सुटलो तर काय होईल असा विचार आला, आणि पाय आपल्या चालीनं चालत राहिले.

लिंबाखाली ग्रामसेवक खुर्चीवर बसला होता, गुडघ्यावर रजिस्टर, कपाळावर घाम. तांडा भोवती बसला होता. जीवनबाईला पुढं बोलावलं होतं. ती पदर ओढून उभी होती, नीता तिच्या घागऱ्याला धरून.

"मयताचं नाव सांगा बाई."

जीवनबाई खाली बघत राहिली.

"अहो नाव. नवऱ्याचं नाव. मला अजून दोन गावं करायची आहेत."

"ती न्हाई घेत नाव," चांगुणा म्हणाली.

"मग दुसरं कुणी सांगा. कुणाला तरी सांगावंच लागेल ना."

मोहनसिंग नाईक खाकरला. त्यानं प्रेमदासकडे बघितलं, मग बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. सख्ख्या भावाच्या देखत ते त्यालाही जड गेलं असावं. याडी बघत होती. तिचे डोळे कोरडे, मोठे, त्याच्यावर रोखलेले, आणि ती मान हलवत होती, इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला दिसू नये. न्हाई. न्हाई. जीवनबाईनं मात्र वर बघितलंच नाही. तिच्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरलेली दिसत होती. लिंबाचं एक पान रजिस्टरवर पडलं, ग्रामसेवकानं ते फुंकरलं.

"देविदास," तो म्हणाला. "देविदास पुनमचंद आडे."

पेनाची खरखर ऐकू आली. नाव लिहून पुरं होईस्तोवर तो त्या खरखरीकडे कान लावून होता. कुठंतरी दुखेल अशी वाट बघत. याडीनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत बसली. जीवनबाईच्या घशातून एक बारीक, लांब सूर निघाला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. त्या सुरात नाव नव्हतं, नुसता सूर होता, आणि मग भिकाबाईनं त्याला हुंकार दिला.

"तुम्ही कोण मयताचे?"

"धाकटा भाऊ."

"नाव?"

"प्रेमदास पुनमचंद आडे." ते बाहेर आलं तेव्हा जीभ अडखळली, पाढा अर्धवट पाठ असावा तशी.

"करा इथं सही." ग्रामसेवकानं रजिस्टर वळवून त्याच्यापुढं केलं, पेन हातात दिलं. पेन गरम होतं. त्यानं ते कागदावर टेकवलं. मनगटात एक सही तयार होती, वळणदार, जलद, हजारो कागदांवर केलेली. ती सुटू नये म्हणून त्यानं मनगट आवळून धरलं. दुसरी कुठलीच येत नव्हती. 'प्रे' कसा काढायचा हे त्याला माहीत होतं, पण हाताला ते कुणी कधी करायला लावलं नव्हतं. शाईचा एक ठिपका कागदावर मोठा होत गेला.

ग्रामसेवकानं त्याच्याकडे बघितलं. भादरलेलं डोकं, मळकं धोतर, थांबलेला हात. त्याचा आवाज जरा मऊ झाला. "राहू द्या, राहू द्या. अंगठा चालतो." त्यानं पिशवीतून शाईचा डबा काढला, झाकण उघडलं, आपणच त्याचा हात धरला आणि अंगठा शाईत दाबून कागदावर उमटवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, नीट. "शाळा नाही झाली का?"

मागं बायांचा सूर चढत होता.

"न्हाई," प्रेमदास म्हणाला. "न्हाई झाली."